मिंगसची 'मिंगस आह उम': दुसऱ्यांदा घेतलेली रेकॉर्ड

पहिली प्रत वाकडी निघाली. सुई दर फेरीला होडीसारखी वरखाली व्हायची. विक्रेत्याने बदलून दिली, पण तीन आठवडे घेतले. असो, तबकडीतल्या संगीताचा त्यात काय दोष!

जाझ संगीतकार चार्ल्स मिंगसने ही 1959च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केली. बेस, म्हणजे खर्जाचं मोठं तंतुवाद्य, वाजवणारा सहसा मागे उभा राहतो. इथे तोच मालक. वादकांपुढे कागद ठेवण्यापेक्षा चाली गाऊन, वाजवून शिकवायची त्याची पद्धत होती. म्हणून की काय, पितळी वाद्यं एकमेकांच्या अंगावर धावून येतात तरी गाडी रुळावरच. डॅनी रिचमंडचा ड्रम त्याच्या बेसला सावलीसारखा चिकटलेला. मध्येच मिंगसच्या आरोळ्या येतात. मला त्या फार आवडतात, घरच्यांना नाही.

सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग त्याच वर्षी मार्चमध्ये वारला होता. त्याच्यासाठीची संथ रचना मी दिवे मालवून ऐकतो. 'फेबल्स ऑफ फॉबस' मात्र चिडवणारी: अमेरिकेतल्या लिटल रॉकच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना अडवणाऱ्या गव्हर्नर फॉबसची टिंगल. इथे ती शब्दांविना आहे, शब्दांसह 1960मध्ये दुसऱ्या कंपनीकडून आली.

एक तक्रार. मूळ एलपीसाठी काही रचना कापल्या होत्या आणि या प्रतीतही त्या कापलेल्याच आहेत. पूर्ण हव्या असतील तर नंतरची सीडी घ्या. मुखपृष्ठावरचं नील फुजिताचं चित्र मात्र एलपीच्या आकारातच बघावं. मी दोन्ही ठेवल्या आहेत.