पासवर्ड लीक झालाय म्हणून फोन नंबर दाखवायलाय? तो चोर आहे

लातूरला मोंढ्यात आमच्या साडूंची आडत आहे. माणूस हिशोबाला असा पक्का की हमाली-तोलाईचा रुपया इकडचा तिकडं होत नाही, अन अशा माणसाच्या खात्यातून भरदुपारी ८६ हजार गेले, ते पण त्यांनीच ओटीपी सांगून. त्यांना विचारूनच लिहायलोय, फक्त नाव टाकू नको म्हणले.

झालं असं की दुकानाच्या लॅपटॉपवर सोयाबीनचे भाव बघत होते, कुठलीतरी जाहिरातींनी भरलेली साईट होती, तिथं कशावर तरी क्लिक झालं अन पूर्ण स्क्रीन लाल. सायरनसारखा आवाज सुरू, वर क्रोमचा लोगो, खाली इंग्लिशमधे की तुमचे सगळे पासवर्ड चोरीला गेलेत, लॅपटॉप बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा. बंद करायची फुली पण दिसंना.

आता तुम्ही म्हणाल एवढ्यावर कोण फोन करतं. पण यांनी का केला ते ऐका. मागं एकदा बियाण्याच्या कुठल्यातरी जुन्या साईटवर लॉगिन करताना क्रोमनं खरंच एक छोटी चौकट दाखवली होती, की हा पासवर्ड डेटा ब्रीचमधे सापडलाय, बदला. यांनी ती बंद केली अन कामाला लागले. त्यात ती भाषा पण अशी की आडतीवरच्या माणसाला डेटा ब्रीच (साईट फुटून आतली माहिती बाहेर जाणं) म्हणजे काय डोंबल कळणार. पण डोक्यात राहिलं होतं. म्हणून लाल स्क्रीन आल्याबरोबर वाटलं की मागं सांगितलं तेच आता झालं. खरी वॉर्निंग सोडून दिली होती, अन तिच्याच जोरावर खोटी खरी वाटली.

फोनवर हिंदी बोलणारा माणूस, एकदम अदबीनं, सर सर करत. स्क्रीन बघायचं ॲप टाकायला लावलं. मग माऊसचा बाण आपोआप फिरायला लागला, काळ्या खिडकीत हिरवी अक्षरं पळवली, हे बघा सर हॅकर. आता बँकेचा पासवर्ड सुरक्षित करू म्हणून नेटबँकिंगमधे यांनाच लॉगिन करायला लावलं अन स्क्रीन काळी केली, म्हणे स्कॅन चालू आहे, हात लावू नका, मोबाईलवर व्हेरिफिकेशन कोड येईल तो सांगा. सांगितला. दुसरा आला, तो पण सांगितला. तेवढ्यात डबा घेऊन आलेल्या मेव्हणीनं मोबाईल हातात घेतला अन ओरडली, "अहो, पैसे कटायलेत बगा!" तेव्हा कुठं वायफाय बंद केलं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला लगेच फोन लावला, बँकेला कळवलं, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली. थोडे पैसे पुढच्या खात्यात अडकवून ठेवलेत म्हणे, बाकीचे निघून गेले. बँकवाले म्हणले ओटीपी तुम्ही दिलाय. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक तेच सांगतं, ग्राहकानंच माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून रडत बसण्याआधी फोन.

आता खऱ्या वॉर्निंगचं. क्रोममधे ही तपासणी डिसेंबर २०१९ पासून आहे. कुठलीतरी साईट फुटते, तिथले ईमेल-पासवर्ड बाहेर फिरतात, अन चोर तीच जोडी बाकीच्या साईटवर लावून बघतात. तुम्ही लॉगिन केलं की ब्राऊझर तुमची जोडी त्या फुटलेल्या याद्यांशी ताडून बघतो, ते पण एन्क्रिप्ट करून, पासवर्ड उघडा पाठवत नाही. सापडली तर गुपचूप एक चौकट दाखवतो. आवाज नाही, स्क्रीन अडवणं नाही, अन फोन नंबर तर कधीच नाही. शंका आली तर चौकटीवर क्लिक पण करू नका, वरच्या तीन टिंबांतून स्वतः पासवर्ड मॅनेजर उघडा, त्यात चेकअप आहे, खरं असेल तर तिथं दिसतंच. पासवर्ड बदलायचा तो पण त्या साईटचा पत्ता हातानं टाईप करून, मेसेजमधल्या लिंकवरून नाही.

साडूंचं चेकअप मी उघडलं तर बियाण्याच्या साईटचा पासवर्ड खरंच फुटलेला, अन तोच ईमेलला, तोच टॅक्सच्या पोर्टलला. एका किल्लीत दुकान, गोडाऊन अन तिजोरी. आधी ईमेलचा बदलला, कारण बाकी सगळ्यांचे रिसेट तिथंच येतात, अन टू-स्टेप (पासवर्डनंतर अजून एक खात्री मागणारं) चालू केलं. बदलायचं सगळं दुसऱ्या मशीनवरून केलं, त्या लॅपटॉपला विंडोज नव्यानं टाकेपर्यंत हातच लावला नाही. ते ॲप काढून टाकलं म्हणून आत अजून काही ठेवलं नसेल याचा काय भरवसा.

अन हो, त्या भावाच्या साईटला यांनी कधीतरी नोटिफिकेशनला अलाऊ केलं होतं, कोपऱ्यात रोज 'व्हायरस सापडला' यायचं ते तिथूनच. साईट सेटिंग्जमधे नोटिफिकेशनची यादी असते, अनोळखी नावं ब्लॉक करा.

लाल स्क्रीन आलीच तर एस्केप दाबून धरा, नाहीतर कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राऊझर बंद करा, परत उघडल्यावर जुनी पानं रिस्टोर करू नका. त्याआधी मोबाईलनं एक फोटो काढून ठेवा. साडूंनी तो काढला नव्हता, तक्रार भरताना नंबर कॉल लिस्टमधे सापडला पण साईटचं नाव आजपर्यंत आठवलं नाही.