छतातून उजेड आणून देतो म्हणाला आणि 92,000 घेऊन गेला

साताऱ्याच्या शनिवार पेठेत आमचं घर आहे. दोन्ही अंगांना इमारती चढल्या आणि माजघरात भर दुपारी ट्यूब लावल्याशिवाय तांदूळ निवडता येईनात. सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यांची कॉट तिथेच. म्हणून स्लॅबला दोन स्कायलाइट, म्हणजे उजेडासाठी काच बसवलेली भोकं, काढायचं ठरवलं. यात चैन कसली? माझ्या माहेरी मेढ्याला छपरात दोन काचेची कौलं होती, तेवढ्यावर सगळं घर उजळायचं.

फेसबुकवरच्या जाहिरातीवरून माणूस आला. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र, जिभेवर साखर. पुढचं तुम्हाला पाठ असेल. ‘ताई, आज बुकिंग केलंत तर हा रेट, सोमवारपासून काच महागणार.’ चार बाय तीन फुटांचे दोन, म्हणजे 24 चौरस फूट, 2,600 रुपये दराने 62,400. स्लॅब कापायचे 18,000. भोकाभोवती पाणी अडवणारा कठडा आणि वॉटरप्रूफिंग 11,600. एकूण 92,000. काच टफन (भट्टीत तापवून मजबूत केलेली) आणि लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये पातळ थर असलेली), गॅरंटी दहा वर्षांची, सगळं छापील कोटेशनवर. मी पैसे एकदम दिले नाहीत. बुकिंगला 46,000, काच दारात आल्यावर 30,000, काम संपल्यावर 16,000. सगळे यूपीआयने. खातं मात्र फर्मचं नव्हतं, एका बाईच्या नावाचं होतं. ‘मिसेसचं आहे,’ म्हणाला. बिल ज्या नावाचं, पैसे त्याच नावाच्या खात्यात टाका. दुसरं नाव दिसलं की तिथेच थांबा.

आता तो क्षण. आठवला की अजून अंगाची लाही होते. काच फ्रेमपेक्षा अर्धा इंच मोठी भरली. कामाच्या पोराने खिशातून कटर काढला, पट्टी ठेवून रेघ ओढली आणि काठ कट्कन मोडून बाजूला टाकला. मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गच्चीवर उभीच होते. टफन काच भट्टीत जायच्या आधी मापाने कापतात. नंतर कापायला गेलात तर तिचा चुरा होतो. आमची काच बिस्किटासारखी सरळ मोडली, म्हणजे ती साधी काच होती. माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच गच्चीवर! तरीही मी विचारलं होतं, ‘टफन काच अशी कापता येते का हो?’ तो म्हणाला, ‘काकू, हा डायमंडचा कटर आहे.’ आयुष्यभर शाळेच्या ऑफिसात फी आणि पगारपत्रकं सांभाळलेल्या बाईला काचेच्या भट्टीची माहिती कुठून असणार? मी विचारलं होतं, एवढं तरी लक्षात घ्या. मला मूर्ख म्हणणाऱ्या नातेवाइकांनीही घ्यावं.

खरी टफन काच असेल तर कोपऱ्यात कंपनीचा शिक्का काचेतच भाजलेला असतो, नखाने निघत नाही. आमच्या काचेवर स्टिकर होता. लॅमिनेटेड असेल तर काठाकडून बघा, दोन काचा आणि मधला पातळ थर स्पष्ट दिसतो. 30,000 देण्याआधी हे बघायला दोन मिनिटं लागतात.

मे महिन्यात तापलेल्या काचेवर वळवाचे थेंब पडले आणि एक काच तडकून खाली आली. टफन असती तर बारीक खडे झाले असते, लॅमिनेटेड असती तर तुकडे थराला चिकटून राहिले असते. इथे सुऱ्यांसारखे लांब तुकडे सासूबाईंच्या कॉटवर पडले. त्या चहाला स्वयंपाकघरात आल्या होत्या म्हणून वाचल्या. 92,000 गेले त्याच्यापेक्षा हे मला जास्त झोंबतं.

जूनमध्ये दुसरा स्कायलाइट गळायला लागला. कठड्याचे पैसे घेतले, पण कठडा बांधलाच नव्हता. फ्रेम गच्चीच्या पातळीला ठेवून कडेने सिलिकॉन फासलेलं. लावताना आंबट, व्हिनेगरसारखा वास येत होता. तसलं सिलिकॉन सिमेंटला नीट धरत नाही, हे दुसऱ्या फॅब्रिकेटरने सांगितलं. शिवाय स्लॅबच्या सळया सपासप कापून भोकाच्या कडेला काहीच आधार दिलेला नाही. चारही कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघाल्यात. स्लॅबला हात लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. आम्ही नंतर दाखवलं, त्याचे 3,000. ताडपत्री 1,400. दुरुस्तीचा अंदाज 71,000.

फोन बंद. एमआयडीसीतल्या पत्त्यावर कुलूप लावलेली शेड. बिलावरचा जीएसटी नंबर मोजला तर 14 अक्षरं. खरा 15 अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो.

पोलीस ठाण्यात गेले. ‘मॅडम, ही दिवाणी बाब आहे.’ खोटा माल खरा म्हणून विकला, खोटा नंबर छापला, ही दिवाणी? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 कशासाठी आहे? लेखी अर्ज दिला तर पोच द्यायला तयार नाहीत. साहेब बंदोबस्तात, साहेब रजेवर, साहेब आत्ताच गेले. एकाने तर विचारलं, ‘छत फोडायला कुणी सांगितलं होतं?’ म्हणजे माझ्या घरात उजेड हवा असणं हाच माझा गुन्हा! काचेचे तुकडे पुरावा म्हणून पिशवीत घेऊन गेले, तर ‘इथे ठेवू नका, कुणाला लागेल.’ सासूबाईंना लागलं असतं तेव्हा घेतला असता का गुन्हा? बँकेत गेले, तर ‘पैसे तुम्हीच पाठवलेत.’ हो, मीच पाठवले, म्हणून तर आले! खातं त्यांच्याच बँकेत, खातेदाराची कागदपत्रं त्यांच्याकडे, आणि पत्ता शोधत मी फिरायचं.

ठाण्यात दाद लागली नाही तर तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. मी पाठवली आहे. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील नसला तरी चालतं, मुदत दोन वर्षांची. तुटलेले तुकडे आणि ओल आलेल्या भिंतीचे तारखेसकट फोटो टाकून देऊ नका.

गेल्या आठवड्यात त्याची जाहिरात नव्या नावाने पुन्हा दिसली, या वेळी कऱ्हाड आणि कोरेगावसाठी, दर 2,400. फोटोत लोखंडी कॉट, तिच्यावर निळी चादर आणि वरून पडलेलं ऊन आहे. ते आमचं माजघर आहे. हा फोटो दाखवणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.