फायबरची पेशी: वनस्पती घ्या, प्राणी पेशी घेण्याआधी हे वाचा

सांगलीत शालेय साहित्याच्या दुकानांत पेशीच्या फायबर प्रतिकृतींची जोडी मिळते, एक प्राणी पेशी आणि एक वनस्पती पेशी. लाकडी पाटावर साधारण 40 सेंमी लांबीचे अर्धे कापलेले कवच, आत खुंट्यांवर बसवलेली सुटी पेशीअंगके, प्रत्येकावर आकड्याचा स्टिकर आणि सोबत मराठी नावांचे कार्ड. कंपनीचे नाव कुठेच नाही. जोडी साडेचार हजारांच्या घरात जाते, सुटीही देतात. सोबत दहा तयार स्लाइड्सची डबी येते.

नावे ओळखायला माल चांगला आहे. रंग भडक नाहीत, मागच्या बाकावरून केंद्रक, केंद्रकी, तंतुकणिका वेगळ्या दिसतात. तारककेंद्रातले दोन दंडगोल एकमेकांना काटकोनात बसवलेत आणि कापलेल्या तोंडावर तीन-तीन नळ्यांचे नऊ गट मोजता येतात. या किमतीत एवढी काळजी सहसा दिसत नाही.

खरा घोळ मापाचा आहे. प्राणी पेशी 20 मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरली तर 40 सेंमीची प्रतिकृती म्हणजे 20,000 पट. या हिशोबाने 6 मायक्रॉनचे केंद्रक 12 सेंमीचे हवे, आणि ते तसेच आहे. 2 मायक्रॉन लांबीची तंतुकणिका 4 सेंमी हवी, दिली आहे 9. रायबोझोम साधारण 25 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग), म्हणजे प्रतिकृतीत अर्धा मिलिमीटर, खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. इथे त्याच्या जागी साबुदाण्याएवढे मणी चिकटवलेत. प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीद्रव्याभोवतीचे पातळ आवरण, 7-8 नॅनोमीटर जाड, म्हणजे या मापात फार तर दीड कागद. कवच मात्र बोटभर जाड आहे. मुले पटलाला नारळाची करवंटी समजतात ती यामुळेच. मोठे करून दाखवणे हा गुन्हा नाही, पण कार्डावर ‘प्रमाणात नाही’ एवढे दोन शब्द छापायला हरकत नव्हती.

मापापेक्षा मोठी तक्रार पेशीद्रव्याची. त्याच्या जागी सपाट पिवळा रंग मारलाय. अंगके रिकाम्या खोलीत टांगल्यासारखी दिसतात. प्रत्यक्षात आतला पेशीद्रव प्रथिनांनी खच्चून भरलेला असतो, ग्लुकोजचे पहिले विघटन त्यातच होते, आणि सूक्ष्मनलिका व अॅक्टिनच्या धाग्यांचा सांगाडा अंगकांना जागेवर धरतो, इकडून तिकडे नेतोही. प्रतिकृतीत या सांगाड्याचा एक धागाही नाही. शिवाय कार्डावर ‘प्रद्रव्य’ आणि ‘पेशीद्रव्य’ एकाच आकड्यासमोर छापलेत. प्रद्रव्यात केंद्रक धरतात, पेशीद्रव्यात नाही. वाटण्याआधी कार्ड पेनाने दुरुस्त करा.

आणखी दोन चुका घरच्या घरी सुधारता येतात. खडबडीत आंतर्द्रव्यजालिका केंद्रकापासून दोन बोटे लांब बसवली आहे. तिचे पटल केंद्रकाच्या बाहेरच्या पटलाशी सलग असते, म्हणून मधली फट शाडूने भरून वर तोच रंग द्या. दुसरी चूक गॉल्गी संकुलाची. त्याच्या पाच चकत्या एकाच खुंटीवर आहेत, त्यामुळे ते उलटसुलट कसेही बसते. प्रथिने ज्या बाजूने आत येतात ती बाजू जालिकेकडे आणि पुटिका सुटणारी बाजू प्रद्रव्यपटलाकडे हवी. खाली ठिपका मारून ठेवला की कुणीही लावले तरी बरोबर बसेल. लयकारिका आणि पेरॉक्सिसोम एकाच साच्यातले जांभळे गोळे आहेत, तिथे स्टिकरवरच विसंबावे लागते.

वनस्पती पेशी मात्र उजवी. मधली रिक्तिका आतली बहुतेक जागा व्यापते आणि केंद्रक कडेला सरकलेले आहे, जसे असायला हवे तसे. पेशीभित्तिका आणि प्रद्रव्यपटल वेगळ्या रंगांत आहेत. हरितलवकातल्या चकत्यांच्या चळती नीट दिसतात. ही पेशी 50 मायक्रॉनची धरली तर प्रतिकृती 8,000 पट होते, म्हणजे दोन्ही प्रतिकृती शेजारी ठेवून आकाराची तुलना करायची नाही. पण तंतुकणिका दोन्हींत एकाच साच्याच्या, त्यामुळे वनस्पती पेशीत ती हरितलवकाहून मोठी झालीय. वर तंतुकणिका फक्त दोन आहेत, त्याही रिक्तिकेमागे लपलेल्या. ‘वनस्पतींना हरितलवक असते, तंतुकणिका नसते’ हा गैरसमज आधीच घट्ट आहे, त्याला इथे खतपाणी मिळते. एक खुंटी पुढे घ्या.

स्लाइड्सच्या डबीसाठी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. गालाच्या पेशी मिथिलीन ब्लूने इतक्या गडद झाल्यात की केंद्रक आणि पेशीद्रव्य एकच डाग वाटतात. त्यापेक्षा आयोडीन, काचपट्ट्या आणि आच्छादक काचा घ्या. लाल कांद्याच्या पाकळीच्या बाहेरच्या बाजूची जांभळी साल पाण्याच्या थेंबात ठेवा, काच सुईने 45 अंशांत टेकवत सोडा (सपाट ठेवली की बुडबुडे आलेच), मग 100 मिली पाण्यात 5 ग्रॅम मीठ विरघळवून एका कडेने थेंब सोडा आणि दुसऱ्या कडेने टिपकागदाने ओढा. काही मिनिटांत रंगीत भाग भित्तिकेपासून सुटून आत आकसतो. फायबर हा रससंकोच कधीच दाखवणार नाही. साधे पाणी दिले की पेशी पुन्हा फुगतात, पण मीठ दाट झाले किंवा फार वेळ राहिले तर पेशी मरतात आणि मग फुगत नाहीत.

पेशीद्रव्य वाहते हे दाखवायला मत्स्यालयाच्या दुकानातली हायड्रिला ही पाणवनस्पती पुरे. कोवळे पान, पाण्याचा थेंब, 10 आणि मग 40 पटीचे वस्तुभिंग. हरितलवके कडेकडेने रांगेत सरकताना दिसतात. दिसली नाहीत तर पाणी गार आहे. फांदी कोमट पाण्यात दिव्याखाली दहा-पंधरा मिनिटे ठेवून पुन्हा पाहा.

श्वेतलवकातल्या (रंगहीन लवकातल्या) पिष्टकणांसाठी सांगलीकर हळदीकडे वळतात, आणि इथेच फसगत होते. बाजारातले हळकुंड शिजवून वाळवलेले असते, त्यातले पिष्टकण फुगून आकार हरवून बसलेले असतात. शेतातून ताजा कंद आणा आणि ब्लेडने पारदर्शक काप काढा. पिवळेपणाने आयोडीनचा निळा रंग झाकोळला तर सरळ बटाटा घ्या.

टिकाऊपणाचे सांगायचे तर खुंट्यांचा गोंद जतच्या उन्हाळ्यात सुटतो आणि स्टिकर शिराळ्याच्या पावसात. पहिल्याच दिवशी आकडे ऑइल पेंटने लिहा, खुंट्या दोन नळ्यांच्या इपॉक्सीने पक्क्या करा. एसटीने पार्सल मागवणार असाल तर अंगके काढून वेगळ्या कागदात गुंडाळायला सांगा, गॉल्गीच्या चकत्यांच्या कडा सर्वांत आधी उडतात. सुटे अंगक नंतर मिळत नाही. दुकानातच कार्ड हातात घेऊन आकडे मोजा आणि मगच बिल करा.