थरथर पुढच्या डिस्कची की मागच्या ड्रमची?

बेळगावहून भाजी भरून चोर्ला घाट उतरताना पिकअप ब्रेकला थरथरली, तर हादरा कुठे जाणवतो ते बघा. स्टिअरिंगला असेल तर बहुधा पुढची डिस्क, म्हणजे ब्रेकची चकती. सीटला आणि पेडलला असेल तर बहुधा मागचा ड्रम, म्हणजे चाकासोबत फिरणारा ब्रेकचा डबा. खात्रीसाठी मोकळ्या, सरळ, कोरड्या रस्त्यावर ३० च्या वेगात, बटण दाबून धरूनच हँडब्रेक हळू ओढा. थरथर आली, तर ड्रम अंडाकार झालाय. तो लेथवर आतून कातून पुन्हा गोल करता येतो, पण ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासाच्या आतच.

डिस्क बदलायची मात्र घाई नको. डायल गेजवर (बारीक फरक मोजणारं काट्याचं मापयंत्र) ०.१ मिमीपेक्षा जास्त डगमग दिसली तर डिस्क काढा, हबवरचा (डिस्क जिथे बसते तो चाकाचा मधला भाग) गंज तारेच्या ब्रशने घासा, पुन्हा मोजा. पुष्कळदा डिस्क सरळच निघते! चाकाचे नटही समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) आवळा.