डिसेप्शन बेटाची उठाव प्रतिकृती: सहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या डिसेंबरात गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातील आमच्या उच्च माध्यमिक विद्यालयाच्या भूगोल प्रयोगशाळेसाठी आम्ही अंटार्क्टिकाजवळच्या डिसेप्शन बेटाची उठाव प्रतिकृती बनवून घेतली. फोंड्याजवळ एक छोटी कार्यशाळा आहे. वास्तुविशारदांना थ्रीडी प्रिंटरवर इमारतींचे नमुने करून देणे हे तिचे मुख्य काम. उंचीची माहिती पुरवली तर डोंगरदऱ्यांचे नमुनेही करून मिळतात, असे कळल्यावर आम्ही तिथे गेलो. १:२५,००० या प्रमाणातली, चार तुकड्यांत छापून जोडलेली, हाताने रंगवलेली प्लास्टिकची प्रतिकृती, खाली प्लायवूडची फळी आणि सोबत आठ पानांचे माहितीपत्रक, या सगळ्याला ९,४०० रुपये पडले. आमच्यासारख्या विद्यालयाला ही रक्कम लहान नाही. म्हणून दुसऱ्या एखाद्या शिक्षकाला निर्णय घेताना उपयोग व्हावा यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

एवढी बेटे असताना हेच का, असे मुख्याध्यापकांनीही विचारले होते. कारण असे की ज्वालामुखी म्हटले की आमच्या मुलांच्या डोळ्यांसमोर टोकदार शंकू आणि त्याच्या शेंड्यावरून ओघळणारा लाव्हा एवढेच चित्र उभे राहते, आणि डिसेप्शन बेट त्या चित्रात मुळीच बसत नाही. साउथ शेटलंड द्वीपसमूहातले हे बेट दक्षिण अक्षवृत्त ६३ अंशांच्या जवळ, अंटार्क्टिक द्वीपकल्पापासून सुमारे १०० किलोमीटरवर आहे. वरून पाहिले तर घोड्याच्या नालासारखे दिसते: १२ ते १५ किलोमीटर व्यासाचे डोंगरांचे कडे, मधोमध समुद्राचे पाणी आणि आग्नेयेला आत शिरण्याची एकच अरुंद वाट. बाहेरून येणाऱ्या जहाजाला ते भरीव बेट वाटते आणि जवळ गेल्यावर आत भलेमोठे बंदर उघडते. ‘फसवणूक’ असा अर्थ असलेले नाव त्यावरूनच पडले.

हे आतले पाणी म्हणजे पोर्ट फॉस्टर, आणि प्रतिकृतीचा खरा लाभ इथे आहे. पुस्तकात ‘ज्वालामुखीचे कडे खचून कॅल्डेरा तयार होतो’ हे वाक्य मुले पाठ करतात, पण काय खचले आणि कुठे खचले हे वाक्यातून कळत नाही. प्रतिकृतीच्या बाहेरच्या उतारावरून बोट वर नेले की ते सावकाश चढत जाते, धारेवर पोचते आणि आतल्या बाजूला एकदम खाली घसरते. हा फरक बोटाला कळला की मग समजावून सांगण्यासारखे फारसे उरत नाही. खालचा शिलारस प्रचंड उद्रेकात बाहेर पडला, आधार गेल्यामुळे वरचा डोंगर खाली बसला आणि कड्याच्या खालावलेल्या भागातून समुद्र आत आला. कॅल्डेरा हा शब्द स्पॅनिश, पोर्तुगीजमधला ‘काल्देइरा’ त्याचाच सख्खा भाऊ, आणि दोहोंचा अर्थ काहील. गुऱ्हाळातली काहील पाहिलेल्या मुलाला एवढे सांगितले तरी पुरते.

पहिला नमुना मात्र परत पाठवावा लागला, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. खोके उघडून आम्ही प्रतिकृती टेबलावर ठेवली आणि अकरावीतल्या एका मुलीने भिंतीवरच्या नकाशाकडे बघत विचारले, ‘सर, माउंट पाँड पूर्वेला असायला हवा ना?’ ते शिखर पश्चिमेला होते. संगणकावर कुठेतरी आकृती उलटली होती आणि अख्खे बेट आरशातल्यासारखे छापले गेले होते. प्रवेशाची वाट आग्नेयेऐवजी नैऋत्येला आली होती. कार्यशाळेने चूक लगेच मान्य केली आणि एक पैसाही अधिक न घेता तीन आठवड्यांत नवी प्रतिकृती दिली. ती मी स्वतः कदंबच्या बसमधून मांडीवर घेऊन वाळपईला आणली. तरीही कुणीही अशी वस्तू मागवली तर पैसे चुकते करण्याआधी दोन ठळक ठिकाणे नकाशाशी ताडून पाहावीत, असा माझा आग्रह राहील. उलटे बेट दिसायला इतकेच सुंदर असते.

उभ्या प्रमाणाचा विषय आम्ही आधीच बोलून घेतला होता. माउंट पाँड हे सर्वोच्च शिखर ५४० मीटरच्या आसपास आहे. १:२५,००० प्रमाणात त्याची उंची दोन सेंटिमीटरांहून किंचित अधिक भरते. पोर्ट फॉस्टरची खोली सुमारे १६० मीटर, म्हणजे प्रतिकृतीत जेमतेम साडेसहा मिलिमीटर. एवढ्या फरकाने मागच्या बाकांवरच्या मुलांना काहीच दिसले नसते, म्हणून उभे प्रमाण दुप्पट करून घेतले. त्यामुळे शिखर चार सेंटिमीटरांच्या वर गेले, तळ तेरा मिलिमीटर खोल झाला आणि उतार वास्तवापेक्षा तीव्र दिसू लागले. ही गोष्ट फळीवर ठळक अक्षरांत लिहिलेली असायला हवी होती. ती माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहे. आम्ही मराठीत चिठ्ठी करून चिकटवली.

पोर्ट फॉस्टरमध्ये निळे रेझिन ओतून पाणी दाखवण्याची कार्यशाळेची कल्पना होती, ती आम्ही वेळीच थांबवली. त्याऐवजी निळसर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा पत्रा त्या आकारात कापून घेतला, जो बसवता येतो आणि उचलता येतो. मुलांना सर्वांत आवडणारा भाग हाच. पत्रा बसवला की बंदर दिसते, उचलला की तोच भाग खचलेल्या ज्वालामुखीचा तळ होतो. नेपच्यून्स बेलोज ही प्रवेशाची वाट प्रतिकृतीत करंगळी कशीबशी शिरेल एवढी आहे. तिच्या मधोमध, पाण्याखाली अवघ्या अडीच मीटरांवर रॅव्हन रॉक नावाचा खडक दडलेला आहे. तो दाखवायला कार्यशाळेने तिथे टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका दिला आहे. मुरगाव बंदरात मोठी जहाजे पाहिलेल्या मुलांना हा ठिपका फार काही सांगून जातो.

रंगकामाबद्दल माझे मत संमिश्र आहे. प्रवेशद्वाराच्या उत्तरेचे कॅथेड्रल क्रॅग्ज हे कडे पिवळट तपकिरी रंगवले आहेत आणि ते अगदी बरोबर आहे. तो राखेचा घट्ट झालेला खडक, म्हणजे टफ, कॅल्डेरा तयार करणाऱ्या त्या मोठ्या उद्रेकात साचलेला आहे. तापलेल्या राखेतली काच पाण्याच्या संपर्काने बदलली की तिला असा पिवळेपणा येतो. आमच्या मुलांना तो पाहताच जांभा दगड आठवला, तेव्हा दोहोंतला भेद सांगायची आयती संधी मिळाली: जांभा हा मूळ खडक उष्ण, पावसाळी हवेत हजारो-लाखो वर्षे झिजून, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे उरून बनतो, तर हा टफ राख साचून घट्ट झाल्याने बनला आहे. रंग जवळचा असला तरी जन्म वेगळा. गोव्याच्या ईशान्य टोकाला, आमच्याच सत्तरीच्या डोंगरांत, दख्खनच्या बेसाल्टचा पट्टा आहे. त्याचा एक तुकडा प्रतिकृतीशेजारी ठेवला की शांतपणे पसरलेला लाव्हा आणि स्फोटाने उडालेली राख यांतला फरक हातात येतो.

बर्फाचा रंग मात्र चुकला आहे. बेटाचा निम्म्याच्या आसपास भाग हिमनद्यांखाली आहे आणि प्रतिकृतीत तो स्वच्छ पांढरा रंगवला आहे, जणू हिमालयाचे कॅलेंडर. प्रत्यक्षात इथल्या बर्फावर काळ्या राखेचे थर आहेत आणि कित्येक ठिकाणी हिमनदी आहे की मातीचा ढिगारा हे चटकन ओळखू येत नाही. बर्फाच्या कड्यात राखेचे पट्टे एकावर एक दिसतात आणि त्यांतून जुन्या उद्रेकांचा मागोवा घेता येतो. ज्या बेटावर आग आणि बर्फ असे एकमेकांत मिसळलेले आहेत, तिथे बर्फ धुतल्यासारखा दाखवणे म्हणजे मुख्य गोष्टच पुसणे होय. पुढच्या प्रतीत हे सुधारावे, असे मी कार्यशाळेला कळवले आहे.

दुसरी उणीव काळाची. प्रतिकृती आजचे बेट दाखवते, पण हे बेट माणसांच्या डोळ्यांदेखत बदलले आहे. ४ डिसेंबर १९६७ रोजी टेलिफोन बेमध्ये समुद्रातून उद्रेक होऊन एक नवे छोटे बेट वर आले, त्याच वेळी पेंड्युलम कोव्हजवळचे चिलीचे तळकेंद्र नष्ट झाले. फेब्रुवारी १९६९ मध्ये माउंट पाँडच्या उतारावर बर्फाखाली भेगा पडून उद्रेक झाला, बर्फ वितळला आणि चिखल-पाण्याच्या लोंढ्याने व्हेलर्स बेमधल्या ब्रिटिश तळकेंद्राची मोडतोड केली. ऑगस्ट १९७० मधल्या उद्रेकानंतर १९६७ चे ते बेट किनाऱ्याला जोडले गेले. हे सगळे दाखवण्यासाठी प्रतिकृतीत काढता-घालता येणारा एक तुकडा असता तर किती सोपे झाले असते! तो नाही, म्हणून आमच्या मुलांनी गावच्या गणपतीच्या चित्रशाळेतून चिकणमाती आणली आणि टेलिफोन बेमध्ये आधी बेट बसवले, मग ते किनाऱ्याला जोडले. शिलारस आणि पाणी एकत्र आले की वाफेचा स्फोट होतो आणि राख दूरवर उडते, हे त्या वेळी सांगितले. इथले अलीकडचे उद्रेक बहुतांशी याच प्रकारचे आहेत.

माहितीपत्रकात एक आकडा जुना आहे. कॅल्डेरा सुमारे १०,००० वर्षांपूर्वी तयार झाला, असे त्यात छापले आहे. लिव्हिंगस्टन या शेजारच्या बेटावरील तळ्यांच्या गाळात सापडलेल्या राखेच्या थरावरून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तो काळ सुमारे ३,९८० वर्षांपूर्वीचा ठरवला आहे, आणि त्या उद्रेकात ३० ते ६० घन किलोमीटर शिलारस बाहेर पडल्याचा अंदाज आहे. म्हणजे सिंधू संस्कृतीची नगरे ओस पडू लागली त्या सुमारास हा डोंगर खचला. वर्गात काळाची अशी सांगड घातली की आकडा मुलांच्या लक्षात राहतो, म्हणून तो बरोबर असणे महत्त्वाचे.

पत्रकातला भूपट्टांचा भाग मात्र उत्तम आहे. फिनिक्स भूपट्टाचा उरलेला तुकडा साउथ शेटलंड बेटांखाली शिरत होता. त्याची चाल मंदावली आणि तो मागे खचत गेला तसतसे वरचे कवच ताणले जाऊन गेल्या सुमारे ४० लाख वर्षांत ब्रॅन्सफील्ड सामुद्रधुनी उघडत गेली. त्याच ताणातून शिलारसाला वर यायला वाट मिळाली. आकृती सुबक आहे, बाणांच्या दिशा बरोबर आहेत. आकृतीसोबत एक गोष्ट असायला हवी होती: समुद्राखालचा डोंगर. हा ज्वालामुखी समुद्रतळापासून सुमारे १,४०० मीटर उठलेला असून त्याचा पाया जवळजवळ ३० किलोमीटर रुंद आहे. तो पाया याच प्रमाणात दाखवायचा तर फळी सव्वा मीटरची लागली असती, हे मान्य. पण फळीवर एक कागदी वर्तुळ आखले असते तरी आपण केवळ माथा पाहतो आहोत हे कळले असते.

‘अंटार्क्टिकातले आपले मैत्री संशोधन केंद्र अशाच बेटावर आहे का?’ हा प्रश्न दर तुकडीत येतो. वास्कोत हेडलँड सडा इथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्यातूनच निघाली होती, त्यामुळे मुलांना त्या खंडाविषयी आपलेपणा वाटतो. मैत्री मात्र सुमारे तीन हजार किलोमीटर दूर, शिर्माकर ओअॅसिसमधल्या अतिप्राचीन रूपांतरित खडकांवर उभे आहे. तिथे ज्वालामुखी नाही.

टिकाऊपणाविषयी: पावसाळा सुरू झाल्यापासून प्लायवूडची एक कड फुगली आहे आणि दोन तुकड्यांच्या सांध्यावर, फ्युमरोल बेच्या बाजूला, रंगाचा पापुद्रा सुटला आहे. प्लास्टिकला काहीही झालेले नाही. आमच्याकडच्या दमट हवेत प्लायवूडऐवजी अ‍ॅक्रिलिकची फळी घ्यावी; ६०० रुपये अधिक लागतील, असे कार्यशाळेने सांगितले.

एवढ्या त्रुटी मोजूनही आम्ही त्यांच्याकडेच दुसरी प्रतिकृती सांगितली आहे, अंदमानातल्या बॅरन बेटाची. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी; त्यालाही एका बाजूने फुटलेला कॅल्डेरा आहे, मात्र तिथे आत समुद्राऐवजी नवा शंकू उभा आहे. सुमारे तीन किलोमीटर रुंदीचे ते बेट याच प्रमाणात बारा सेंटिमीटरांचे होईल, म्हणजे पोर्ट फॉस्टरच्या निळ्या पत्र्यावर ते सहज मावेल. या वेळी उत्तर दिशेचा बाण पहिल्याच दिवशी कागदावर काढून दिला आहे.