कोपऱ्यावरचं किराणा दुकान, कोथरूड : पाचपैकी साडेचार

२४ मार्च २०२०. कोरोनामुळे देशभर लॉकडाऊन जाहीर करणारं रात्री आठचं पंतप्रधानांचं भाषण संपतंय न संपतंय तोच दुकानासमोर झुंबड उडाली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा, घरात श्रीखंडाचा चक्काही नव्हता, पण काळजी तूरडाळीची आणि सासूबाईंच्या मधुमेहाच्या गोळ्यांची.

दुकानदार काकांनी शटर अर्धं ओढलं आणि एकेकालाच पुढे घेतलं. डाळ माणशी दोन किलो, त्यावर नाही. एका गृहस्थांनी अख्खं पोतं मागितलं, तर काका म्हणाले, "साहेब, मागची रांग बघा की." पोतं मिळालं नाही. भाव एका रुपयानेही वाढवला नाही, हे मला फार मोठं वाटतं. सरकारने सॅनिटायझरच्या २०० मिलीच्या बाटलीला १०० रुपयांची कमाल मर्यादा घातल्यानंतरही जवळच्या एका मेडिकलवाल्याने माझ्याकडून दीडशे घेतले होते!

सकाळी दारात चुन्याचे चौकोन आखलेले. पैसे प्लास्टिकच्या डब्यात टाकायचे. नोटा काकू गच्चीवर उन्हात वाळत घालायच्या, वर चिमटे लावून. सत्तरीपुढच्यांना सामान घरपोच, पिशवी दाराच्या कडीला अडकवून मुलगा दोन पावलं मागे उभा राहायचा आणि "आजी, अजून काही लागेल का?" विचारायचा.

अर्धा गुण कापला तो फोनसाठी, तो सतत एंगेज. यादी व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी लवकर टाका, म्हणजे दुपारपर्यंत सामान येतं.