मेमरी फोम की लेटेक्स? कूस बदलणाऱ्यांनी आधी हे वाचा

गादी घ्यायची म्हटलं की सगळे कडक की मऊ यावरच वाद घालत बसतात. त्यात फार अडकू नका असं मला वाटतं. २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ लोकांवरचा एक अभ्यास छापून आला होता, त्यात एकदम कडक गादीवाल्यांपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडला. म्हणजे कंबर दुखतेय तर कडक गादी घे हा घरोघरचा सल्ला तितकासा पक्का नाही. मध्यम कडक धरून चला, पुढचा प्रश्न हा की तुम्ही रात्री कूस किती बदलता.

मी मेमरी फोमवरही बराच काळ झोपलोय आणि आता लेटेक्सवर, म्हणजे रबराच्या फोमवर झोपतो, त्यामुळे दोन्हीबद्दल थोडंफार बोलू शकतो. मेमरी फोमवर पहिल्यांदा पडल्यावर जे वाटतं ना ते खरंच भारी असतं, खांदा हळूच आत जातो, कंबरेखालची पोकळी भरून येते, अंग कुठेच टोचत नाही. हा फोम मुळात १९६६ मध्ये नासाच्या कामातून विमानातल्या सीटच्या गाद्यांसाठी तयार झाला. त्याची सगळी करामत उष्णतेत आहे, अंगाची ऊब आणि वजन लागलं की तो मऊ होतो आणि शरीराचा आकार घेतो, पण सोडतो मात्र सावकाश.

माझं घोडं तिथेच अडलं. मी कुशीवर झोपणारा, आणि रात्रभर इकडून तिकडे वळणारा माणूस. आता बघा, एका जागी तासभर झोपलात की तिथे तुमच्या आकाराचा खड्डा तयार होतो, तेवढा भाग उबेने मऊ झालेला असतो आणि बाजूचा भाग अजून गार आणि घट्ट असतो, मग वळायचं म्हटलं की त्या खड्ड्यातून वर चढावं लागतं, कोपर रोवायचं, कंबर उचलायची, मग वळायचं. आणि एवढं करेपर्यंत माणूस जागा होतो. पूर्ण नाही होत, अर्धवट, आणि ते जास्त वाईट, कारण सकाळी आठवत काहीच नाही, फक्त झोप झाली नाही एवढं कळतं. थंडीत तर फोम आणखीच कडक होतो त्यामुळे सुरुवातीला तो ओळखीचा वाटतच नाही, आणि उन्हाळ्यात पाठीखाली ऊब साठून राहते. जेल घातलेले प्रकार मिळतात, पडल्या पडल्या गार लागतात हे खरं, मला तरी पहाटेपर्यंत फरक टिकलेला जाणवला नाही, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

गंमत म्हणजे दुकानात हेच गुण म्हणून दाखवतात. विक्रेता गादीवर पंजा दाबतो, हात काढतो, आणि पाचही बोटांचा ठसा हळूहळू भरत जाताना तुमच्याकडे कौतुकाने बघतो. माझ्यासारख्याने तो ठसा बघून दोन पावलं मागे सरकावं.

लेटेक्सवर पंजा दाबून काढा, ठसा राहतच नाही. खांदा आत जातो, पण तुम्ही हललात की गादी तुमच्याबरोबर लगेच वर येते, त्यामुळे वळायला जोर लागत नाही. बनवताना साच्यातल्या खिळ्यांमुळे त्यात आरपार भोकं पडतात, हवा थोडी खेळती राहते. डनलॉप पद्धतीचं लेटेक्स तळाला जरा दाट असतं, तलालय नावाच्या दुसऱ्या पद्धतीत साच्यात हवा काढून गोठवतात म्हणून ते जास्त एकसारखं आणि सहसा मऊ निघतं. माझी डनलॉप आहे, तलालय कदाचित आणखी बरी असेल. ‘नॅचरल’ लिहिलेलं असलं तरी त्यात सिंथेटिक रबर किती टक्के मिसळलंय ते विचाराच, आणि रबराची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना.

आता लेटेक्सचा त्रासही सांगतो. ती जड असते, म्हणजे चादर बदलताना कोपरा उचलायचा तरी व्यायाम होतो. सुरुवातीला रबराचा वास येतो. आणि कापसाच्या गादीसारखी उन्हात टाकायची नाही, उन्हाने रबर खराब होतं.

शेजारी झोपणाऱ्याची हालचाल अजिबात जाणवू नये असं असेल तर मात्र मेमरी फोमच पुढे आहे, हे मान्य करायलाच हवं. आमच्या घरात बायको अजूनही त्याच्याच बाजूने बोलते, पण ती रात्री जशी आडवी होते तशीच सकाळी उठते, तिला काय फरक पडतो!

पॉकेट स्प्रिंग वाईट नाही, प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी खिशात असल्याने गादीभर हेलकावे बसत नाहीत, वळायलाही सोपी. फक्त साध्या मॉडेलमध्ये काठावर बसलं की काठ दबतो. काथ्याची गादी कडक आणि हवेशीर, पण कुशीवर झोपणाऱ्याच्या खांद्याला ती जरा छळतेच.

बघायला जाल तेव्हा नुसतं पाठीवर पडून छान वाटतंय म्हणू नका, दहा-पंधरा मिनिटं कुशीवर पडून राहा, गादीला तुमची ऊब लागू द्या, आणि मग कोपर न टेकता दुसरीकडे वळून बघा. लाज वाटली तरी चालेल. दोन इंच मेमरी फोम वर आणि खाली घट्ट फोम असा प्रकार असेल तर खड्डा कमी पडतो, त्यावर कदाचित तुमचं जमूनही जाईल. लेटेक्स घेतलीत तर पलंगाच्या पट्ट्यांमध्ये फार अंतर नको, नाहीतर जड गादी मधे मधे खाली दबते, आणि घरात वर चढवायला दोन माणसं तरी बोलावून ठेवा.